किर्रूचं घुर्र गेलं कुठे?

टेबलामागे होता एक कोपरा. कोपऱ्यात राहायचा एक रातकिडा. केवढासा? तुमच्या करंगळीच्या नखाएवढा. नाव त्याचं किर्रू.

किर्रूला आई नव्हती का? होती तर! भाऊ होते, बहिणी होत्या. पण एकदा खिडकी उघडी राहिली, आणि सगळी जणं टुपुक टुपुक बागेत गेली. किर्रू तेव्हा झोपला होता. उठून बघतो तर काय, कुणीच नाही! आणि खिडकी बंद. किर्रू राहिला एकटा.

पण त्या कोपऱ्यात एक डबा होता. मोठा, काळा, भोकाभोकांचा. तो होता कॉम्प्युटरचा डबा. डबा कसा छान उबदार! डबा म्हणायचा, घुर्र घुर्र घुर्र.

मग किर्रू म्हणायचा, किर्र किर्र किर्र.

घुर्र घुर्र, किर्र किर्र. घुर्र घुर्र, किर्र किर्र. रोज संध्याकाळी दोघांचं गाणं चालायचं. किर्रूला वाटायचं, घुर्र आहे ना माझ्याबरोबर, मग मी एकटा कुठला?

कॉम्प्युटर होता कुमुदआत्याचा. आत्यासुद्धा घरात एकटीच. रोज संध्याकाळी ती डब्याचं बटण दाबायची. टिक्! डबा म्हणायचा, घुर्र. स्क्रीन उजळायची, लख्ख. आणि स्क्रीनमधून कुणीतरी हाक मारायचं, "आत्याऽऽ!"

कोण बरं? ती होती रेवा. आत्याची भाची. लांब लांब राहायची, विमानाने जावं लागतं तिथे. दोन वेण्या, आणि पुढचा एक दात पडलेला.

रेवा रोज विचारायची, "आत्या, घरी कोण कोण आहे गं?"

आत्या रोज सांगायची, "कोण असणार, राजा? मी एकटीच."

टेबलामागे किर्रू ऐकायचा. म्हणायचा, "अहो, मी आहे की!" पण म्हणायचा आपला मनातल्या मनात. माणसांसमोर जायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. माणसांकडे झाडू असतो ना!

मग आली खंडेनवमी. खंडेनवमीला काय करतात? घरातल्या यंत्रांची, हत्यारांची पूजा करतात. आत्याने शिवणयंत्राची पूजा केली. विळीची पूजा केली. आणि कॉम्प्युटरचीही केली. हळद लावली, कुंकू लावलं. भिंतीवर झेंडूची ही एवढी मोठी माळ लावली. डब्यावर अक्षता टाकल्या, म्हणजे कुंकू लावलेले तांदूळ. भुरुभुरु, भुरुभुरु.

आत्या म्हणाली, "रोज दमतोस रे बाबा. आज तुला सुट्टी हं."

कुठेतरी झालं टक्. आणि डबा गप्प.

किर्रू म्हणाला, "असू दे. आज सुट्टी आहे. उद्या गाऊ."

उद्या आला. उद्या होता दसरा. गल्लीतली सगळी माणसं नवे कपडे घालून सोनं लुटायला गेली. सोनं म्हणजे काय? आपट्याची पानं! दसऱ्याला ती एकमेकांना द्यायची. आपल्या माणसांना द्यायची.

आत्याकडेही आपट्याची डहाळी होती. पण आत्या कुठेच गेली नाही. म्हणाली, "मला रेवाला सोनं दाखवायचंय. ती हाक मारेल ना!"

आत्याने डब्याचं बटण दाबलं.

खप्प.

रोज म्हणायचं टिक्. आज म्हणालं खप्प. पुन्हा दाबलं. खप्प. पुन्हा दाबलं. खप्प.

डबा गप्प. स्क्रीन काळी. रेवा नाही.

"गेला वाटतं बिचारा," आत्या म्हणाली. खुर्चीत बसली. डहाळी हातातच राहिली. घर कसं गप्प गप्प झालं. इतकं गप्प, की किर्रूला आपल्याच मिशा हललेल्या ऐकू आल्या.

किर्रूने डब्याला कान लावला. डबा गार! आधी आई गेली. आता घुर्रही गेलं.

किर्रू म्हणाला, "मी नाही असा बसणार. मी माझं घुर्र शोधणार!"

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. भोकातून शिरला, डब्यात गेला. डब्यात होता पंखा. घुर्र म्हणायचा ना, तो हाच!

"पंखादादा, पंखादादा, फिर ना!"

"का रे किर्रू, काय झालं?"

"घुर्र होईना,
किर्रूला एकट्याला करमेना!"

पंखा म्हणाला, "नाही रे बाबा. मी कसा फिरू? वायर वीज देईना. वायरला सांग, वीज दे. मग मी फिरेन."

बरं!

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. किर्रू गेला वायरकडे. वायर पडली होती टेबलाखाली, वेटोळं करून. अंगावर धूळ. किर्रूला शिंक आली. फिच्!

"वायरताई, वायरताई, वीज दे ना!"

"का रे किर्रू, काय झालं?"

"पंखा फिरेना,
घुर्र होईना,
किर्रूला एकट्याला करमेना!"

वायर म्हणाली, "नाही रे बाबा. मी कुठून देऊ? माझ्याच पोटात वीज नाही. बोर्डाचा दिवा लागेना. बोर्डाला सांग, दिवा लाव. मग मी वीज देईन."

बरं!

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. किर्रू गेला बोर्डाकडे. बोर्ड होता जमिनीवर, लांबट, पांढरा. त्याला एकच डोळा, लाल दिव्याचा. आज तो डोळा मिटलेला.

"बोर्डभाऊ, बोर्डभाऊ, दिवा लाव ना!"

"आँ? कोण? का रे किर्रू, काय झालं?"

"वायर वीज देईना,
पंखा फिरेना,
घुर्र होईना,
किर्रूला एकट्याला करमेना!"

बोर्डाने दिली जांभई. आऽऽऽ. म्हणाला, "नाही रे बाबा. मी कसा लावू? भिंतीवरचं बटण खाली येईना. बटणाला सांग, खाली ये. मग मी दिवा लावीन."

आणि गेला की परत झोपी! किर्रू म्हणाला, "मी थोडा वेळ तुझ्याजवळ बसू का?" पण बोर्ड घोरायलाच लागला. किर्रू थोडा वेळ बसला. मग उठला.

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. किर्रू चढला भिंतीवर. वर, वर, आणखी वर. झेंडूच्या माळेखाली शिरला. तिथे अंधार. अंधारात बसलं होतं बटण, नाक वर करून.

"बटणराव, बटणराव, खाली या ना!"

"का रे किर्रू, काय झालं?"

"बोर्डाचा दिवा लागेना,
वायर वीज देईना,
पंखा फिरेना,
घुर्र होईना,
किर्रूला एकट्याला करमेना!"

बटण म्हणालं, "छे रे बाबा! मी आपलं आपण खाली कसं येऊ? मी काय माकड आहे? बोट दाबेना. बोटाला सांग, दाब. मग मी खाली येईन."

किर्रूने ढकलून बघितलं. डोक्याने ढकललं, पायाने ढकललं. हुं! हुं! हुं! बटण हललंसुद्धा नाही. एवढासा तर किर्रू!

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. किर्रू उतरला खाली. आता जायचं होतं खुर्चीकडे. खुर्चीत आत्या. आत्याच्या हाताला बोट. माणसांसमोर जायचं! आणि झाडू असला म्हणजे? तरी पण किर्रू गेला. हळूच खुर्चीवर चढला. हळूच बोटाजवळ गेला. बोट आपट्याच्या पानावर नुसतं फिरत होतं. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"बोटोबा, बोटोबा, दाबा ना!"

"शू! हळू बोल. का रे किर्रू, काय झालं?"

"बटण खाली येईना,
बोर्डाचा दिवा लागेना,
वायर वीज देईना,
पंखा फिरेना,
घुर्र होईना,
किर्रूला एकट्याला करमेना!"

बोट म्हणालं, "नाही रे बाबा. मी एकटं कसं जाऊ? आत्या उठेना. आत्याला सांग, ऊठ. मग मी दाबीन."

बरं! म्हणजे आता आत्याशी बोलायचं. बाप रे!

टुपुक... टुपुक... टुपुक... टुपुक. किर्रू चढला खुर्चीच्या हातावर. आत्याचा चेहरा केवढा मोठा! आणि डोळे ओले.

"आत्याबाई, आत्याबाई, उठा ना!"

आत्याने मानसुद्धा वळवली नाही.

"बोट दाबेना,
बटण खाली येईना,
बोर्डाचा दिवा लागेना,
वायर वीज देईना,
पंखा फिरेना,
घुर्र होईना,
किर्रूला एकट्याला करमेना!"

आत्याला काही ऐकूच आलं नाही. किड्याचं कुजबुजणं माणसांना कुठलं ऐकू यायला! आत्याने किर्रूला पाहिलंही नाही. ती खिडकीबाहेर बघत होती. बघता बघता स्वतःशीच म्हणाली, "उठू तरी कशाला? सणाचा दिवस, आणि मला कुणी हाक मारेना. हाक आली असती, तर मी लगेच उठले असते."

हाक! हाक कोण मारतं? स्क्रीन!

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. किर्रू गेला स्क्रीनकडे. टेबलावर चढला, समोर उभा राहिला. आणि काय सांगू! स्क्रीनमध्ये कुणीतरी होतं! एवढंसं. लांब मिशांचं. रातकिडाच होता तो!

किर्रूला कोण आनंद झाला. त्याने मिशी हलवली. त्यानेही मिशी हलवली. किर्रूने उडी मारली. त्यानेही उडी मारली. किर्रू जवळ गेला, अगदी जवळ. नाकाला लागली गार गार काच.

तो किर्रूच होता. दुसरं कुणी नव्हतं.

किर्रूने मिशी खाली सोडली. मग म्हणाला, "स्क्रीनताई, स्क्रीनताई, हाक मार ना!"

"का रे किर्रू, काय झालं?"

"आत्या उठेना,
बोट दाबेना,
बटण खाली येईना,
बोर्डाचा दिवा लागेना,
वायर वीज देईना,
पंखा फिरेना,
घुर्र होईना,
किर्रूला एकट्याला करमेना!"

स्क्रीन म्हणाली, "नाही रे बाबा. मी कशी हाक मारू? मी उजळले, तर रेवा दिसणार. रेवा दिसली, तर हाक मारणार. पण मी उजळू कशी? पंखा फिरेना! पंख्याला सांग, फिर. पंखा फिरला की डबा जागा होतो. मग मी उजळेन."

पंखा? आँ? पंख्याकडे तर आधीच जाऊन आलो!

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. किर्रू पुन्हा पंख्याकडे. त्याला लागली धाप. हुश्श! हुश्श!

"पंखादादा, पंखादादा, आता तरी फिर ना!

स्क्रीन उजळेना,
आत्या उठेना,
बोट दाबेना,
बटण खाली येईना,
बोर्डाचा दिवा लागेना,
वायर वीज देईना..."

"आणि वायर वीज देईना," पंखा म्हणाला, "म्हणून मी फिरेना."

"आधी बोर्ड," वायर म्हणाली.

"आधी बटण," बोर्ड म्हणाला.

"आधी बोट," बटण म्हणालं.

"आधी आत्या," बोट म्हणालं.

"आधी हाक," आत्या म्हणाली. म्हणजे ती मोठ्याने नाही म्हणाली. पण तिच्या तोंडाकडे बघून कळत होतं.

"आधी पंखा," स्क्रीन म्हणाली.

झालं! प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघत बसलेला. आता जायचं कुणाकडे? कुणीच उरलं नाही. किर्रू आपल्या कोपऱ्यात आला आणि गार डब्याला टेकून बसला.

दिवेलागणीची वेळ झाली. शेजारच्या घरात दिवा लागला. पलीकडच्या घरात दिवा लागला. आत्याच्या घरात नाही लागला. आत्या अंधारात. किर्रू अंधारात. आत्या खुर्चीत एकटी. किर्रू कोपऱ्यात एकटा.

आत्याने नाक पुसलं. सूं.

किर्रूने ऐकलं. त्याला वाटलं, अरे, हिलाही माझ्यासारखंच झालंय. हिलाही करमेना. हिला फक्त एक हाक पाहिजे. हाक कोण मारेल? स्क्रीन मारेना. गल्लीतलं कुणी मारेना. मग उरलं कोण?

उरला किर्रू.

पण किर्रू एकट्याने कधी गायलाच नव्हता! घुर्र असलं, की किर्र व्हायचं. घुर्र नसेल तर? आवाज केवढासा निघेल! आणि आवाज झाला, की माणूस बघणार. माणूस आलं, की झाडू आला.

किर्रूने डोळे गच्च मिटले. पंखाला पंख लावला.

"कि..."

थांबला.

"किर्..."

पुन्हा थांबला.

"किर्र."

आला की आवाज! एकट्याचा. बारीक, पण आला.

"किर्र किर्र. किर्र किर्र किर्र. किर्रऽऽ किर्रऽऽ किर्रऽऽ!"

खुर्ची वाजली. करकर.

"अगंबाई!" आत्या म्हणाली. "कोण रे ते?"

"किर्रऽऽ!"

"कोण आहे? मला हाक मारतंय की काय कुणी?"

"किर्रऽऽ किर्रऽऽ!"

आणि आत्या उठली!

तिने खोलीतला दिवा लावला. आवाजामागून आवाजामागून आली. टेबलाजवळ आली. टेबलाखाली वाकली. भिंतीपाशी वाकली. "कुठे लपलायस रे? माळेत शिरलास की काय?" असं म्हणून तिने झेंडूची माळ बाजूला केली.

माळेमागे कोण? बटणराव! नाक वर करून बसलेले.

आत्याने कपाळावर हात मारला. "अगं बाई गं! हे तर बंदच आहे! काल पूजा झाली, सुट्टी म्हणून मीच बंद केलं. माळेखाली झाकलं गेलं, आणि साफ विसरले! आणि बसले डब्याला नावं ठेवत. काय म्हणावं माझ्या वेंधळेपणाला!"

मग काय!

आत्या उठली,
बोटाने दाबलं, टक्!
बटण खाली आलं,
बोर्डाचा दिवा लागला, लाल लाल,
वायरने वीज दिली, सुळ्ळकन,
आणि पंखा...

पंखा?

पंखा काही फिरला नाही. घुर्र काही झालं नाही.

आत्याने डब्याचं बटण दाबलं. खप्प. पुन्हा दाबलं. खप्प.

"आता काय झालं रे तुला?" आत्या म्हणाली. ती तिथेच खाली, फरशीवर बसली.

किर्रूने डब्याच्या कडेने डोकावून बघितलं. किर्रू एवढासा, म्हणून त्याला एवढुसं दिसायचं. डब्याच्या बटणाला होती एक फट. फटीत अडकला होता एक तांदूळ. लाल लाल. कालच्या पूजेची अक्षत! बटण आत जाणार कसं? तांदूळ जाऊच देईना!

आत्याला तांदूळ दिसेना. किर्रूला दिसला. पण तांदूळ होता पुढच्या बाजूला. अगदी आत्याच्या नाकासमोर.

किर्रूने एकदा कोपऱ्याकडे बघितलं. एकदा आत्याकडे बघितलं. आणि निघाला.

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक! डब्याच्या मागून डब्यावर, डब्यावरून पुढे. तांदळाला मिठी मारली. ओढला. हुं! पुन्हा ओढला. हुं! पाय रोवून ओढला. हुंऽऽऽ!

टिंग! तांदूळ पडला फरशीवर. आणि किर्रू पडला तांदळावर, उताणा!

आत्या बघतच राहिली. तिचा हात वर झाला. किर्रूने डोळे मिटले. आला झाडू, आला!

झाडू नाही आला. आलं एक बोट. तेच आपलं बोटोबा! बोटाने किर्रूला हळूच सुलटं केलं.

"तूच होय?" आत्या म्हणाली. "तूच मला हाक मारलीस? आणि हा तांदूळ पण तूच काढलास? शहाणा माझा!"

मग आत्याने डब्याचं बटण दाबलं.

टिक्!

पंखा फिरला!
घुर्र झालं! घुर्र घुर्र घुर्र!
स्क्रीन उजळली, लख्ख!

आणि स्क्रीनमधून आली हाक, "आत्याऽऽ! अगं, होतीस कुठे? मी कधीची हाक मारतेय!"

"आले गं आले, राजा!" आत्या पदराने डोळे पुसत म्हणाली. "माझाच घोळ झाला. काल बटण बंद केलं आणि विसरले."

"आत्या, सोनं!" रेवाने हात पुढे केला. हातात होतं कागदाचं पान. "इथे आपट्याचं झाडच नाही. मी कागदाचं केलं. रंग पण दिलाय!"

"अगंबाई, किती छान! आणि हे घे माझं," आत्या म्हणाली. तिने पान स्क्रीनसमोर धरलं. दोघी हसल्या.

डब्यामागे किर्रू ऊब घेत बसला होता. घुर्र घुर्र चाललं होतं. त्याने पंखाला पंख लावला. किर्र किर्र, किर्र किर्र.

रेवाने कान टवकारले. "आत्या, कसला गं आवाज? घरी कोण कोण आहे?"

आत्याने तोंड उघडलं. ती रोजचंच म्हणणार होती. कोण असणार, मी एकटीच. पण तसं म्हणालीच नाही. तिने डब्यामागे वाकून बघितलं, आणि हसली.

"मी आहे, आणि एक रातकिडा आहे," आत्या म्हणाली. "तो माझ्याकडेच राहतो."

किर्रू गाता गाता थांबला. त्याला वाटलं, आपण चुकून ऐकलं. पण रेवा ओरडली, "खरंच? तुझ्याकडेच? मग त्याला सोनं दिलंस का?"

"अरे हो, राहिलंच की!" आत्या म्हणाली. "आपल्या माणसांना द्यायचं असतं, नाही का?"

तिने डहाळीचं एक पान तोडलं. छानसं, हिरवंगार. डब्यामागे, कोपऱ्यात, हळूच ठेवलं. बाजूला ठेवली काकडीची एक चकती.

"घे रे बाळा, सोनं घे," आत्या म्हणाली.

किर्रूने काकडी खाल्ली, कुरुम कुरुम. मग तो पानाखाली शिरला. पान त्याला अगदी बरोब्बर झालं, पांघरुणासारखं. आता खिडकीही थोडी उघडी असते बरं का. आत्या रोज ती किलकिली ठेवते. किर्रूला वाटलं तर बागेत जातो, आईला भेटतो. आणि दिवेलागणीला घरी येतो. घरी कुणीतरी वाट बघत असतं ना!

डबा म्हणतो घुर्र घुर्र,
किर्रू म्हणतो किर्र किर्र,
आणि आपली गोष्ट गेली,
पानाखाली, भुर्र!